वर्धापनाच्या मंचावर फडाचा मान

झी मराठीवर 18 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ने मार्च 2024 मध्ये प्रेक्षकांचा निरोप घेतला. आणखी पाच महिने तो चालता, तर त्याला दहा वर्षे पूर्ण झाली असती. मराठी दूरचित्रवाणीवरच्या ज्या विनोदी कार्यक्रमाला दशकपूर्तीच्या खास भागाचा सर्वांत मोठा हक्क होता, त्याला तो भाग मिळालाच नाही. त्यानंतर वर्षभराच्या आत, 16 फेब्रुवारी 2025 रोजी, अमेरिकेतील ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमाने न्यूयॉर्कमधल्या आपल्या जुन्या स्टुडिओत पन्नाशी साजरी केली. तीन तासांहून लांबलेल्या त्या सोहळ्यात पन्नास वर्षांतले जुने-नवे नट एकत्र आले, जुनी पात्रे पुन्हा उभी राहिली. दोन्ही देशांची, दोन्ही वाहिन्यांची आर्थिक ताकद सारखी नाही आणि तशी अपेक्षाही नाही. तरी या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक प्रश्न टाळता येत नाही. विनोदी प्रहसनांच्या दीर्घायुषी कार्यक्रमाचा वर्धापन साजरा करायचा, म्हणजे नेमके काय साजरे करायचे?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ठरून गेलेले असते. मंच फुलांनी सजतो, मोठा केक येतो, वाहिनीवरच्या मालिकांतल्या जोड्या नाच करतात, येऊ घातलेल्या चित्रपटाचे नायक-नायिका पाहुणे म्हणून बसतात आणि अधूनमधून जुन्या भागांचे तुकडे दाखवले जातात. ज्यांनी वर्षानुवर्षे हा मंच अंगावर पेलला ते नट स्वतःच्याच घरच्या कार्यात पाहुण्यांची सरबराई करताना दिसतात, आणि लेखकांची नावे नेहमीप्रमाणे शेवटी झरझर निघून जातात. हे चुकीचे आहे, आणि ते केवळ कृतज्ञतेच्या दृष्टीने चुकीचे नाही. कार्यक्रम कशामुळे टिकला याचा अंदाजच त्यात चुकलेला असतो. प्रहसनांचा कार्यक्रम नावामुळे टिकत नाही, पाहुण्यांमुळे टिकत नाही आणि एकट्या सूत्रसंचालकामुळेही टिकत नाही. तो टिकतो त्याच्या संचामुळे. एकमेकांची लकब, दम आणि चूक ओळखणाऱ्या नट-लेखकांचा जो फड असतो, त्याचे आयुष्य हेच कार्यक्रमाचे आयुष्य. हे म्हणणे नवे वाटेल, पण सातारा-सांगलीच्या मातीत ते फार जुने आहे.

सातारा जिल्ह्यातली वाई आता कॅमेऱ्याला चांगलीच परिचित आहे. ‘गंगाजल’, ‘स्वदेस’, ‘दबंग’ अशा हिंदी चित्रपटांनी कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीचा परिसर आणि शेजारच्या मेणवलीतला नाना फडणवीसांचा वाडा देशभर नेला. वाईच्याच तेजपाल वाघ यांनी लिहिलेल्या ‘लागिरं झालं जी’ने 2017 पासून साताऱ्याची बोली घराघरांत पोचवली. पण या परिसराचे मराठी मनोरंजनावरचे ऋण घाट आणि वाड्यांपुरते मोजणे बरोबर नाही. वाई तालुक्यातल्या पसरणी गावात 3 सप्टेंबर 1923 रोजी कृष्णराव साबळे जन्मले. शाहीर साबळे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. लोक त्यांना मुख्यतः गायक म्हणून आठवतात, परंतु त्यांनी ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’ यांसारखी मुक्तनाट्ये आणि प्रहसने उभी केली, आणि त्यांत चालू काळावरचा तिखट विनोद होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी संच उभा केला. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या त्यांच्या कार्यक्रमाच्या मंचावर केदार शिंदे, भरत जाधव, अंकुश चौधरी ही तरुण मुले उभी राहायला शिकली. पुढे शाहिरांचे नातू केदार शिंदे यांनी दूरचित्रवाणीवर ‘हसा चकट फू’सारखा प्रहसनांचा कार्यक्रम केला आणि 2001 पासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ दिग्दर्शित केली. पसरणीपासून मुंबईच्या स्टुडिओपर्यंतचा हा रस्ता एका माणसाच्या प्रतिभेने आखला गेला खरा, पण तो चालता राहिला तो संचात शिकून बाहेर पडलेल्यांमुळे.

कृष्णेच्या काठाने आणखी खाली गेले की हा धागा अधिक जाड होतो. वाळवा तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव, वाटेगाव अण्णा भाऊ साठ्यांचे. मिरज तालुक्यातल्या कवलापूरने तर तमाशाला काळू-बाळू दिले. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी उभे केलेले काळू आणि बाळू हे दोन हवालदार इतके गाजले की पुढे तीच त्यांची नावे झाली. त्यांच्या वडिलांच्या पिढीत शिवा-संभा कवलापूरकर यांचा फड होता; म्हणजे हे दोघे विनोदात अचानक उगवले नव्हते, ते फडात वाढले होते. दोन सारख्या चेहऱ्यांचे हवालदार हे नुसते कल्पनेने सुचणारे पात्र आहे असे कोणी म्हणेल. पण एकाने वाक्य अर्ध्यावर सोडायचे आणि दुसऱ्याने ते प्रेक्षक सावरायच्या आत भलतीकडे न्यायचे, ही गोष्ट कल्पनेने येत नाही. ती वर्षानुवर्षे एकाच बोर्डावर शेजारी उभे राहून येते.

तमाशाची रचना ज्यांना माहीत आहे त्यांना आजच्या प्रहसनात काहीही परके वाटणार नाही. गण होतो, गौळणीत मावशी आणि पेंद्या हशा पिकवतात, मग बतावणी आणि त्यानंतर वग. यातली बतावणी म्हणजे दोन-तीन नटांनी साध्या बोलण्यातून उभा केलेला छोटा विनोदी प्रसंग. त्याला वगासारखे कथानक लागत नाही. एक गैरसमज, एक हट्टी माणूस, एक हजरजबाबी सोंगाड्या एवढे पुरते. ज्या गावात खेळ असेल तिथल्या पाटलाचे, सरपंचाचे, दुष्काळाचे, रस्त्याचे संदर्भ त्यात ओवले जातात, आणि गाव स्वतःवरच हसते. बावधनच्या बगाडाला किंवा चैत्र-वैशाखातल्या गावजत्रांना जमणाऱ्या माणसांच्या आज्या-पणज्यांनी हेच पाहिले होते. ‘चला हवा येऊ द्या’ने थुकरटवाडी नावाचे काल्पनिक गाव उभे केले आणि तिथे पाहुणा आला की त्याच्याच चित्रपटाची, त्याच्याच लकबींची फिरकी घेतली, तेव्हा बतावणीचाच जुना नियम चालला होता. फरक इतकाच की गावात कलावंत पाहुणा असे; इथे कलावंतांनीच गाव वसवले होते आणि पाहुण्याला त्यात बोलावले होते.

फड टिकवणे हा तमाशात भावनेचा विषय नव्हता, व्यवसायाचा होता. सरदार, सोंगाड्या, मावशी, नाच्या, ढोलकीवाला, सुरत्ये यांतला एक जण जरी मध्येच निघून गेला तरी खेळ लंगडा पडे, कारण लिखित संहिता फार कमी आणि परस्परांच्या सवयीवर चालणारा भाग फार मोठा. दूरचित्रवाणीवर संहिता लिहिलेली असते, तालीम होते, कॅमेरे ठरतात. म्हणून तिथे संचाची गरज कमी होईल असे वाटते. प्रत्यक्षात ती वाढते, आणि त्याचे कारण साध्या गुणाकारात आहे. तमाशातला एक वग हंगामभर गावोगाव चालतो. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ दादा कोंडके आणि मंडळींनी हजाराहून अधिक वेळा रंगवले. दूरचित्रवाणीवर मात्र एक प्रहसन एकदा दाखवले की ते साऱ्या महाराष्ट्राने एकाच रात्री पाहिलेले असते. पुढच्या आठवड्यात नवे हवे. आठवड्याला दोन भाग आणि भागात दोनच प्रहसने धरली, तरी वर्षाला दोनशेच्या पुढे नवी प्रहसने लागतात. कोणत्याही भाषेत, कितीही प्रतिभावान लेखकाला वर्षाला दोनशे नव्या कल्पना सुचत नाहीत. मग हे चालते कसे? ते चालते कारण लेखक कोऱ्या कागदासाठी लिहीत नसतो, माणसांसाठी लिहीत असतो. ‘चला हवा येऊ द्या’मधले भाऊ कदम नुसते गप्प उभे राहिले तरी लोक हसतात, कुशल बद्रिके अंग टाकून देणार, श्रेया बुगडे नक्कल पकडणार, भारत गणेशपुरे वऱ्हाडी ठसक्यात अडून बसणार, हे लेखकाला आणि प्रेक्षकाला दोघांनाही आधीच माहीत असते. प्रसंग नवा असतो, माणसे ओळखीची असतात. पहिल्या वाक्याआधीच अर्धे काम झालेले असते.

हा निव्वळ तर्क नाही. त्याची परीक्षा आपल्या डोळ्यांसमोर झाली आहे. ‘चला हवा येऊ द्या’ थांबल्यावर लगेच, एप्रिल 2024 मध्ये, त्याचे लेखक-दिग्दर्शक-सूत्रसंचालक डॉ. निलेश साबळे आणि भाऊ कदम यांनी कलर्स मराठीवर ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ हा कार्यक्रम सुरू केला. ओंकार भोजनेसारखा ताकदीचा नट सोबत होता, वाहिनीच्या कार्यक्रमांची सूत्रे त्या वेळी केदार शिंदे यांच्याकडे होती. तरी तो त्याच वर्षी संपला. दुसरीकडे झी मराठीने जुलै 2025 मध्ये जुन्या नावानेच ‘चला हवा येऊ द्या’चे नवे पर्व आणले. सूत्रसंचालनाला अभिजीत खांडकेकर आले, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे यांच्या जोडीला गौरव मोरे, प्रियदर्शन जाधव आले. निलेश साबळे आणि भाऊ कदम मात्र नव्हते. नव्या पर्वातले नट कमी पडले असे मुळीच म्हणता येणार नाही. पण थुकरटवाडीची जी हवा होती ती नुसत्या नावाबरोबर आली नाही, आणि नुसत्या सूत्रधाराबरोबर दुसऱ्या वाहिनीवरही गेली नाही. ती दोघांच्या मधोमध कुठेतरी होती, संचात होती, आणि संच दुभंगला तेव्हा ती दोन्हीकडे अर्धी-अर्धी वाटली गेली.

यावर सर्वांत कडक आक्षेप असा येऊ शकतो की, ज्या अमेरिकी कार्यक्रमाचे उदाहरण दिले त्याच्या पन्नास वर्षांत नट सतत बदलत गेले. पहिल्या फळीतला कोणीही आज तिथे काम करत नाही, मग संचाचे महत्त्व राहिले कुठे? उत्तर त्याच कार्यक्रमाच्या इतिहासात आहे. तो ऑक्टोबर 1975 मध्ये सुरू झाला. 1980 मध्ये निर्माते लॉर्न मायकल्स बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ सारा नटसंच आणि लेखकवर्ग गेला. नाव तेच, स्टुडिओ तोच, शनिवारची वेळ तीच. तरी पुढचा हंगाम इतका कोसळला की नव्या निर्मात्या जीन डूमॅनियन यांना तो पुरा होण्याआधीच जावे लागले. 1985 मध्ये मायकल्स परतले आणि पुढे बहुतेक बदल होत राहिले ते टप्प्याटप्प्याने: काही जुने थांबले, काही नवे आले, आणि नव्यांनी जुन्यांच्या शेजारी उभे राहून काम शिकले. म्हणजे संच टिकणे याचा अर्थ तीच माणसे कायम राहणे असा नाही. शिवा-संभांच्या फडातून काळू-बाळू आले, भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातून विठाबाई आल्या, तसा वारसा चालू राहणे हा तो अर्थ. आपल्याकडे सोनी मराठीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने हेच दाखवून दिले आहे. 2018 मध्ये सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी सुरू केलेल्या या कार्यक्रमातून विशाखा सुभेदार, गौरव मोरे असे मोहरे बाहेर पडले; तरी समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर यांच्यासारख्यांच्या खांद्याला खांदा लावून पुढची फळी उभी राहत गेली. त्यात साताऱ्याचा रोहित माने आपल्या बोलीचा ठसका घेऊन येतो आणि परीक्षकांच्या खुर्चीत सांगलीच्या सई ताम्हणकर बसतात, याचा या भागातल्या प्रेक्षकाला वाटणारा अभिमान रास्त आहे.

संच म्हटले की नटांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात, लेखकांचे येत नाहीत, आणि वर्धापनाच्या भागांतली सर्वांत मोठी उणीव इथे आहे. ‘चला हवा येऊ द्या’ मध्ये काय लक्षात राहिले असे विचारले तर अनेकजण सागर कारंडे यांच्या पोस्टमनचे नाव घेतील. हा पोस्टमन येऊन पत्र वाचायचा, आणि ते पत्र बहुधा विनोदी नसायचे. शेतकऱ्याचे, सैनिकाच्या घरचे, वृद्ध आईबापांचे दुःख त्यात असायचे. खळाळून हसणारी माणसे काही क्षणांत डोळे पुसायची. ती पत्रे लिहिली अरविंद जगताप यांनी. हास्याच्या कार्यक्रमात भर रंगात आलेला मंच थांबवून गंभीर होण्याचे धाडस कोण्या पाहुण्याने आणले नव्हते. ते लेखकाने आणले आणि नटाने पेलले. मग दहा वर्षांचा सोहळा झाला असता, तर त्याच्या मध्यभागी लेखकाची खुर्ची असायला नको का? समीर चौघुले किंवा प्रसाद खांडेकर स्वतः लिहितात म्हणून त्यांची नावे तरी कळतात. जे केवळ लिहितात त्यांच्यापुढे कॅमेरा वर्षातून एकदा तरी थांबला पाहिजे.

पाहुण्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतील की, शाहरुख खान, सलमान खान यांच्यासारखे तारे मराठी मंचावर आले, म्हणून तर हा कार्यक्रम मराठीबाहेर पोचला आणि वाहिनीला जाहिराती मिळाल्या. जाहिरातींशिवाय कोणताही फड उभा राहत नाही. यातले दुसरे वाक्य पूर्ण खरे आहे. तमाशाही सुपारीवरच चालतो आणि जत्रेची वर्गणी गोळा झाल्याशिवाय कनात लागत नाही. पण पहिल्या वाक्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. तारे तिथे आले ते मंच आधीच लोकप्रिय होता म्हणून, आपल्या चित्रपटाची जाहिरात तिथे होईल म्हणून. त्यांचे येणे ही त्या संचाने मिळवलेली पावती होती. नेहमीच्या भागात पाहुणा असावा, त्याची खेळीमेळीने फिरकी घ्यावी. त्यात काहीच गैर नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या वर्धापनाच्या भागात मात्र पाहुण्याने प्रेक्षकांत बसावे आणि संचाने मंचावर, एवढा साधा क्रम पाळता येईल.

वर्धापनात जुन्याच पात्रांची उजळणी होते, नवे काही नसते, अशीही तक्रार ऐकू येते. ही तक्रार मला तितकीशी पटत नाही. दूरचित्रवाणीने विनोदाला एकदाच वापरून फेकण्याची सवय लावली. लोकरंगभूमीला ती कधी नव्हती. जत्रेत लोक तोच वग, तीच बतावणी पुन्हा मागून घेत, कारण शेवट ठाऊक असूनही तिथवर जाण्यात मजा असते. वर्धापनाचा भाग ही दूरचित्रवाणीच्या वर्षातली एकमेव जत्रा आहे, जिथे पुन्हा पाहण्याची परवानगी असते. म्हणून जुने प्रहसन जरूर करावे, पण तुकड्यांत नाही. दहा-दहा सेकंदांचे हशे एकापुढे एक जोडले की विनोदाचा सांगाडा मोडतो; नट वाक्यावर कसा थांबला, दुसऱ्याने त्याला कशी जागा दिली, हे काहीच दिसत नाही. पाच वर्षांपूर्वीचे एखादे प्रहसन त्याच नटांनी अख्खे पुन्हा उभे करावे, त्यात आजचे दोन नवे नट घालावेत, आणि ते प्रेक्षकांना डोळे भरून पाहू द्यावे. कलेची वाढ मोजण्याचे याहून चांगले साधन नाही.

आता एक आक्षेप असा आहे, जो टोलवता येणार नाही. तमाशाचे नाते दूरचित्रवाणीशी जोडताना आपण एक मोठे अंतर झाकतो, असे कोणी म्हटले तर ते योग्यच आहे. तमाशा जगवला तो महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी, ज्यांना गावाने बोर्डावर टाळ्या दिल्या आणि बोर्डाखाली पंगतीत घेतले नाही. त्यांचा विनोद पाटलाची, सावकाराची, देवाधर्माच्या नावाने चाललेल्या ढोंगाची टर उडवत असे, आणि त्यात धोका होता. अण्णा भाऊ साठ्यांनी तमाशाचे लोकनाट्य केले तेव्हा तो धोका त्यांनी उघडपणे पत्करला. वातानुकूलित स्टुडिओत, वाहिनीच्या छत्राखाली होणारे प्रहसन तो धोका क्वचितच घेते. हे अंतर मान्य केले पाहिजे. पण म्हणून नाते तुटत नाही, उलट त्याची जबाबदारी वाढते. ज्या कलेच्या रचनेवर आपण दर आठवड्याला उभे राहतो तिच्या मूळ मालकांना वर्धापनाच्या मंचावर बोलावणे, हयात असलेल्या सोंगाड्यांकडून एक बतावणी पूर्ण करवून घेणे आणि तिचे योग्य मानधन देणे, हे वाहिनीला अजिबात जड नाही.

रुचीविषयीचा आक्षेपही इथेच घेतला पाहिजे. जाड अंग, सावळा रंग, टक्कल, बायकी चाल यांवरचे विनोद मराठी प्रहसनांत अजून फार आहेत आणि पुरुषाने साडी नेसली की हशा हमखास, असा एक आळशी हिशेब तयार झाला आहे. गौळणीतली मावशी पुरुषच करतो, हा याचा बचाव होऊ शकत नाही. मावशीची साडी हा विनोदाचा शेवट नव्हता, सुरुवात होती. कृष्णाने गौळणींची वाट अडवली की ती त्याच्याशी वाद घालायची, आणि हशा तिच्या उत्तरांना मिळायचा. नुसत्या पेहरावाला हशा मागणे ही त्या परंपरेची उतरण आहे. पन्नाशीच्या अमेरिकी सोहळ्यात टॉम हँक्स या नामवंत नटाने एक वेगळा भाग सादर केला. दिवंगतांना श्रद्धांजली वाहावी तशा थाटात त्यांनी आज पाहवत नाहीत अशा कार्यक्रमाच्याच जुन्या पात्रांची आणि प्रहसनांची यादी प्रेक्षकांसमोर ठेवली. वंशावरून, लिंगावरून, दिसण्यावरून केलेले विनोद त्यात होते. कार्यक्रमाने स्वतःच्या चुका स्वतःच्या वाढदिवशी दाखवल्या आणि त्याने त्याची प्रतिष्ठा कमी झाली नाही. आपल्या कार्यक्रमांकडे एवढा आत्मविश्वास नक्की आहे. जे आता करणार नाही ते एकदा प्रेक्षकांसमोर बोलून दाखवले, तर पुढच्या वर्षाच्या लेखनाची दिशाही आपोआप ठरेल.

शेवटचा मुद्दा जतनाचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत निकडीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या बतावण्या झाल्या आणि बोर्डावरच विरून गेल्या; त्यांचे शब्द कोणी लिहून ठेवले नाहीत. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर विनायक चासकर यांच्या निर्मितीत ‘गजरा’ आला, आणि मराठी घरांना छोट्या पडद्यावरच्या नाटुकल्यांची गोडी लागली. त्यातले फार थोडे आज पाहायला मिळते. इंग्लंडमध्ये बीबीसीने पीटर कुक आणि डडली मूर यांच्या ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ या 1960 च्या दशकातल्या गाजलेल्या कार्यक्रमाचे बरेच भाग फिती पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले आणि नंतर त्याची हळहळ साऱ्या देशाला लागली. आज प्रहसने पुसली जात नाहीत, ती मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी फिरत असतात. पण कोणते प्रहसन कोणी लिहिले, कधी सादर झाले, त्यात कोण होते, त्या आठवड्यात महाराष्ट्रात काय चालले होते ज्यावर तो विनोद बेतला होता, ही माहिती त्या तुकड्यांबरोबर जात नाही. वीस वर्षांनी अभ्यासकाच्या हाती चेहरे लागतील, संदर्भ लागणार नाहीत. आणि संदर्भ गेला की विनोद कळत नाही.

हे काम कुठे व्हावे याचे उत्तर पुन्हा वाईतच सापडते. 1916 मध्ये स्थापन झालेली प्राज्ञपाठशाळा, तिच्या परंपरेत वाढलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि त्यांच्या संपादनाखाली 1976 मध्ये ज्याचा पहिला खंड आला तो मराठी विश्वकोश, हे सारे या गावाने सांभाळले. विश्वकोशाने तमाशाला नोंद दिली, म्हणजे बोर्डावरची कलाही ज्ञानाचा विषय आहे हे मान्य केले. त्याच न्यायाने दूरचित्रवाणीवरच्या मराठी प्रहसनाचीही लेखक, नट, तारीख आणि संदर्भ यांसह व्यवस्थित नोंद झाली पाहिजे, आणि त्यासाठी वाहिन्यांनी आपली दप्तरे उघडली पाहिजेत. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ दशकपूर्ती गाठेल तेव्हा 2028 साल असेल. तयारीला अजून वेळ आहे. त्या सोहळ्यात पाहुणे किती मोठे येतात याची चौकशी करण्याआधी प्रेक्षकांनी वाहिनीला एक पत्र जरूर लिहावे: त्या रात्री लेखकांना मंचावर बसवा, सोडून गेलेल्या नटांनाही बोलवा, एक जुने प्रहसन अख्खे दाखवा, आणि आतापर्यंतच्या प्रत्येक प्रहसनाची लेखकासह यादी त्याच दिवशी प्रसिद्ध करा.